फ्राइज तीन मिनिटांत होतात, कारण बाकीचं काम आधीच उरकलेलं असतं

१९४८ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोत मॅकडोनाल्ड बंधूंनी आपलं चालतं ड्राइव्ह-इन, म्हणजे गाडीत बसून खायचं हॉटेल, बंद करून नव्याने उघडलं. चिनी मातीची भांडी गेली, कागद आला. पंचविसेक पदार्थांचे नऊ उरले. टेनिस कोर्टावर खडूने आखलेल्या स्वयंपाकघराची गोष्ट सगळेच सांगतात. पण खरी अडचण बटाट्याची होती. सोलणं, कापणं, भिजवणं, दोनदा तळणं यातलं काहीच घाईने होत नाही. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात आयडाहोच्या सिम्प्लॉट कंपनीचे गोठवलेले फ्राइज आले आणि हे सगळं काम दुकानातून कारखान्यात गेलं.

तिथे बटाटा वाफेने सोलतात आणि पाण्याच्या जोरदार झोताने पात्यांच्या जाळीतून पार करतात. मग ७० ते ८५ अंशांच्या पाण्यात काही मिनिटं ब्लांचिंग. त्यात जास्तीची साखर निघून जाते आणि पृष्ठभागावरचा स्टार्च शिजतो. वाळवून मिनिटभर तळायचं, आणि उणे १८ किंवा त्याखाली गोठवायचं. दुकानात उरतं फक्त शेवटचं तळण.

या वेगासाठी बटाटाही ठरावीकच लागतो: लांबट, आणि २० टक्क्यांच्या वर शुष्क पदार्थ (पाणी वगळून उरणारा भाग) असलेला. पाणी जास्त असेल तर फ्राय तेल पितो आणि लोळतो. अमेरिकेत रसेट बरबँक ही बटाट्याची जात इतकी वर्षं टिकली ती बरीचशी यामुळेच. आपल्याकडे मेहसाण्याला प्रक्रिया कारखाना आल्यावर उत्तर गुजरातेत भाजीच्या बटाट्याशेजारी प्रक्रियेचे वाण लागले.

साठवणही वेगळी. भाजीचा बटाटा शीतगृहात २ ते ४ अंशांवर ठेवतात. कोंब येत नाहीत, पण स्टार्चची साखर होते. तळताना ती साखर अमिनो आम्लांशी मिळून काळपट रंग आणते, अ‍ॅक्रिलामाइड हे आरोग्याला घातक मानलं जाणारं रसायनही वाढवते. म्हणून प्रक्रियेचा माल १० अंशांच्या आसपास ठेवून कोंब औषधाने रोखतात. घरी केलेले फ्राइज बाहेरून करपतात आणि आतून कच्चे राहतात, तेव्हा सुगरणीला बोल लावू नका. बटाटा थंडीतून आलेला असतो. दोन-तीन आठवडे घरातल्या हवेत, अंधारात ठेवला तर साखर बरीच उतरते. मग ९ मिलिमीटर जाड कापा, ७५ अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, पूर्ण कोरडे करा, १६० अंशांवर चार मिनिटं तळा, गार करा आणि वाढताना १८५ वर दोन-तीन मिनिटं. पहिलं आणि दुसरं तळण एकाच दमात उरकलंत तर कुरकुरीतपणा विसरा.

गोठवलेलं पाकीट आणलं असेल तर वितळवू नका. वितळलं की पाणी सुटतं, तेल उसळतं आणि फ्राइज एकमेकांना चिकटतात. झारा अर्धाच भरा. जास्त घातलं की तेलाचं तापमान झपकन उतरतं.

आता गंमत अशी, की तळलेले फ्राइज सात-आठ मिनिटांत मऊ पडू लागतात, कारण आतली वाफ कवचात शिरते. काउंटरसाठी बेतलेला हा पदार्थ आपण अर्ध्या तासाच्या डिलिव्हरीवर मागवतो, तोही बंद डब्यात. आल्याआल्या डबा उघडा आणि कोरड्या लोखंडी तव्यावर किंवा एअर फ्रायरमध्ये २०० अंशांवर तीन मिनिटं फिरवा. मायक्रोवेव्ह नको, त्यात ते चामट होतात.