कर्ज फिटलं, कागद अडकले

वडिलांच्या आणि माझ्या नावावरचं होमलोन फिटलं. शेवटचा हप्ता, नो ड्यूजचं पत्र, सगळं शाखेत सहज झालं. मूळ खरेदीखत मात्र शाखेत नव्हतं. आमच्या बँकेने सगळ्या शाखांमधले तारणाचे कागद मुंबईला एका ठिकाणी हलवलेत. वाळवी, ओल, गहाळ होणं यांपासून ते तिथे जास्त सुरक्षित आहेत, हे मला मान्य आहे.

पण वडील मधेच वारले होते. मृत्यूचा दाखला शाखेच्या फायलीत होता. मॅनेजरसाहेब वडिलांना ओळखत. आई, बहीण आणि मी, सगळे वारस त्यांच्यासमोर सही करायला तयार. तरी मुंबईहून एका ओळीचं उत्तर आलं: कोर्टाचा वारस दाखला जोडा. म्हणजे 1827 च्या बॉम्बे रेग्युलेशनखाली (वारस दाखल्याचा जुना कायदा) अर्ज, जाहीर नोटीस, तारखा, वकिलाची फी. कशासाठी? घरात वाद नाही, हरकत घेणारं कुणी नाही. साहेब म्हणत, "मला पटतंय हो, पण माझ्या हातात काही नाही." मुंबईला फोन लावला की, "शाखेशी बोला." ज्यांना आम्ही समोर दिसत होतो त्यांना अधिकार नव्हता आणि अधिकारवाल्यांपुढे नुसती स्कॅन केलेली पानं होती. आई शाखेतून दर वेळी गप्प होऊन घरी यायची, त्याचा संताप अजून जात नाही.

बँकेकडे कागद परत मागायचा अर्ज कराल तेव्हा ते कुठे हवेत ते त्यातच लिहा. कर्ज ज्या शाखेत होतं तिथे मागण्याचा हक्क आहे. आणि पोच घ्या, आवकच्या शिक्क्यासह.

शेवटी सुटलं ते रिझर्व्ह बँकेच्या 13 सप्टेंबर 2023 च्या परिपत्रकामुळे. कर्जदार वारला तर वारसांना कागद कसे द्यायचे याची पद्धत बँकेने ठरवून वेबसाइटवर टाकायची, असं त्यात आहे. आमच्या बँकेच्या पद्धतीत वाद नसेल तर प्रतिज्ञापत्र आणि इंडेम्निटी बाँड (पुढे बँकेचं नुकसान झालं तर भरून देण्याची लेखी हमी) चालतो आणि मंजुरी झोनल ऑफिस देऊ शकतं, असं स्पष्ट लिहिलेलं होतं! मी ते छापून नेलं. साहेबांनी त्याच दिवशी झोनलला शिफारस पाठवली आणि कोर्टाची पायरी न चढता काम झालं. याचा मला अभिमान आहे. वारसांची ओळख पटवण्याचा अधिकार शाखेलाच द्यावा, मुंबईने नंतर तपासणी करावी, असं मी बँकेला लेखी कळवलंय.

त्याच परिपत्रकात कागद परत देण्याची मुदतही आहे: कर्ज फिटल्यापासून 30 दिवस. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. घरावर नोंदवलेला कर्जाचा बोजाही तेवढ्याच मुदतीत उतरवायचा असतो, तोही विचारा. कागद हातात आले की कर्ज घेताना मिळालेल्या यादीशी काउंटरवरच पडताळा. सूची क्रमांक 2 (इंडेक्स 2, खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा) आणि नोंदणीची पावती आहे ना, ते आधी बघा.