आडमाप देश, चिमूटभर बोलणं

ऑस्ट्रेलियात सगळं आडमाप, बोलणं तेवढं चिमूटभर. न्यूझीलंड आणि यांच्यामध्ये दोनएक हजार किलोमीटर समुद्र पसरलाय, त्याला हे लोक ‘डिच’ म्हणतात, म्हणजे चर. दुपार म्हणजे ‘आर्व्हो’, पेट्रोलपंप म्हणजे ‘सर्व्हो’, आणि वणव्याशी झुंजणारा अग्निशमन दलाचा जवान लाडानं ‘फायरी’. जागेचा एवढा सुकाळ असताना शब्द मात्र अर्ध्यात तोडून वापरतात.

माझा भाचा अ‍ॅडलेडला असतो. तिथून पर्थला मोटारीनं जाऊ, असं मी म्हटलं तेव्हा तो म्हणाला, “मावशी, विमानानं तीन-साडेतीन तास. मधे बघायला काही नाहीये गं.” ते ‘काही नाही’च मला बघायचं होतं. सत्तावीसशे किलोमीटरच्या आसपासचं ‘काही नाही’! शेवटी बिचाऱ्यानं रजा काढली. कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यानं आमचा बेत ऐकला, हातातली पाण्याची नळी जराही न हलवता म्हणाला, “बिट ऑफ अ ड्राइव्ह, मेट.”

सिडुना हे गाव सोडलं की वस्ती जवळजवळ संपते. पुढे नलारबॉरचं पठार, दोन लाख चौरस किलोमीटर सपाट चुनखडी. म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ दोन तृतीयांश. या रस्त्यावर समोरून गाडी आली की चालक स्टिअरिंगवरचा हात उचलत नाही, फक्त तर्जनी वर करतो. तेवढाच नमस्कार. भाचाही करतो. पहिल्या दिवशी मी खिडकीतून आख्खा हात हलवत होते, तर तो म्हणाला, “मावशी, मिरवणूक नाहीये.” दुसऱ्या दिवसापासून मीही बोटावर आले. तीन-तीन डबे जोडलेले प्रचंड ट्रक, ज्यांना इथे रोड ट्रेन म्हणतात, तेसुद्धा आपल्याला हादरवून जाताना एक बोट वर करून जातात.

ऑगस्टात समुद्रकाठच्या हेड ऑफ बाइटला देवमासे येतात. अंटार्क्टिकाकडच्या थंडीतून पिल्लं घालायला इतकं वर येतात. उंच कड्यावरच्या लाकडी फळ्यांवर उभं राहिलं की खाली हिरव्यानिळ्या पाण्यात मादी पडलेली दिसते, डोक्यावर पांढऱ्या खरखरीत गाठी आणि अंगाला चिकटून पिल्लू. आमच्यासमोर ते पिल्लू आईच्या पाठीवर चढायचा प्रयत्न करत होतं, घसरत होतं, पुन्हा चढत होतं. आई हूं की चूं करत नव्हती. पश्चिमेला बंडाचे कडे देश कापून ठेवल्यासारखे सरळ गेलेले. माझे शब्द संपले होते. शेजारी एक आजोबा दुर्बीण लावून उभे होते. निवृत्तीनंतर घर मागे ठेवून कॅरॅव्हॅन ओढत देशभर फिरणारी पिकल्या केसांची मंडळी इथे फार, ‘ग्रे नोमॅड’ म्हणतात त्यांना. आजोबांनी न मागता दुर्बीण माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “नॉट बॅड, ए?” बस्स. आपल्याकडे एवढ्या दृश्याखाली चार विशेषणं आणि एक अभंग सहज खपला असता.

इथली जमीन जवळच्या यलाटा वस्तीतल्या आदिवासी समाजाची. त्यांच्यातल्या अनेकांचे आईवडील, आजीआजोबा उत्तरेच्या वाळवंटातून १९५२ मध्ये इथे आणून वसवले गेले. पुढे त्या उत्तरेला मारालिंगा इथे १९५६-५७ मध्ये ब्रिटननं सात अणुस्फोट केले. त्यानंतर १९६३ पर्यंत प्लुटोनियम उधळणारे जे प्रयोग झाले, त्यांचं कागदोपत्री नाव ‘मायनर ट्रायल्स’, किरकोळ चाचण्या. जमीन सगळ्यात जास्त नासली ती या किरकोळ चाचण्यांनीच. ही भाषा ब्रिटिश शास्त्रज्ञांची, या रस्त्यावरच्या माणसांची नव्हे. पण हे कळल्यापासून कुणी काही ‘छोटंसं’ म्हणालं की मी जरा कान टवकारते.

रोडहाउस म्हणजे पेट्रोल, खाणावळ, मुक्कामाच्या खोल्या, सगळं एकात. काउंटरमागची बाई “हाऊ या गोइंग, डार्ल?” म्हणते. तिला आपल्या गुडघ्याचं सांगायचं नसतं, ‘गुड, थँक्स’ म्हणून पुढे सरकायचं. पण मी गुडघ्याचं सांगितलं, आणि तिनं खुर्ची आणून दिली! तिथे मिळतो गरम ‘पाय’ (pie), म्हणजे मटणाचे तुकडे भरून भाजलेली पारी, वर टोमॅटो सॉस. ‘पाय’ हे नाव आणखी लहान करता आलं नसावं, म्हणून तसंच ठेवलंय. माणसांच्या नावांना मात्र सुटका नाही. बॅरीचा बाझा, शॅरनची शाझा. प्रकाशचा पक्या करणाऱ्यांना यात नवल वाटायला नको, फक्त आपला पक्या ऑफिसात पुन्हा प्रकाशराव होतो, इथला बाझा साहेब झाला तरी बाझाच. क्रिकेटमुळे आपल्याला यांचा गिली, वॉर्नी, पंटर ठाऊक असतात. फिरकी गोलंदाज नेथन लायनचं तर वेगळंच, त्याचा गॅरी झाला तो गॅरी लायन नावाच्या भलत्याच फूटबॉलपटूमुळे.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या हद्दीवर फळं, भाज्या, मध सगळं काढून ठेवावं लागतं, पिकांवर कीड यायला नको म्हणून. तपासनीसानं माझा चकल्यांचा डबा उघडून पाहिला, वास घेतला, “नो वरीज” म्हणून झाकण लावून परत दिला. काइगुना ते बॅलाडोनिया रस्ता १४६.६ किलोमीटर एकही वळण न घेता जातो. रस्त्याच्या एका तुकड्यावर धावपट्टीचे पांढरे पट्टे रंगवलेले, आजाऱ्यांपर्यंत विमानानं पोचणाऱ्या ‘फ्लाइंग डॉक्टरां’चं विमान वेळ पडली तर हमरस्त्यावरच उतरतं.

बॅलाडोनियाच्या रोडहाउसात स्कायलॅब भेटली. म्हणजे तिचे तुकडे. जुलै १९७९ मध्ये ही अमेरिकन अंतराळ प्रयोगशाळा पडणार म्हणून आपल्याकडे काय घबराट होती! आमच्या आजीनं देव पाण्यात ठेवले होते, आणि आम्ही मुलं शाळेला सुट्टी मिळते का याकडे डोळे लावून बसलेलो. शेवटी ती पडली इथे, या ‘काही नाही’वर. इथल्यांनी काय करावं? एस्परन्सच्या स्थानिक परिषदेनं नासाला ४०० डॉलरची पावती फाडली, सार्वजनिक जागी कचरा टाकल्याबद्दल. हसून माझी पुरेवाट झाली. आजी असती तर तिलाही सांगितलं असतं, देव पाण्यातून काढा, पावती फाडून झालीय.

नलारबॉर ओलांडणारा रस्ता संपतो नॉर्समनला. या गावाला घोड्याचं नाव आहे. १८९४ मध्ये बांधून ठेवलेल्या त्या घोड्यानं खुरानं जमीन उकरली आणि सोन्याचा गोळा वर आला, असं सांगतात. गावात त्याचा ब्राँझचा पुतळा आहे, एक पाय उकरायच्या पवित्र्यात. भाच्याला त्यावरून दुसरा घोडा आठवला. ड्राँगो म्हणजे आपला कोतवाल पक्षी. त्या नावाचा एक शर्यतीचा घोडा १९२०च्या दशकात इथे ३७ वेळा धावला आणि एकदाही जिंकला नाही, तेव्हापासून बावळट माणसाला ‘ड्राँगो’ म्हणतात. बरेचदा तो दुसरा-तिसरा आला होता, पण ते कोण लक्षात ठेवतो? मला त्याचीच जास्त दया आली.

खोलीची किल्ली देताना मोटेलवाल्यानं विचारलं, पुतळा पाहिलात का? पाहिला म्हटलं. त्यानं मान डोलावली आणि म्हणाला, “हँडी हॉर्स, दॅट.”