सात मुलांच्या वर्गातलं कृतिसंशोधन : माझा अनुभव

कृतिसंशोधन म्हणजे शिक्षकानं आपल्याच वर्गातली एखादी अडचण घेऊन केलेला छोटा अभ्यास. त्याची शीर्षकं एका ठरावीक साच्यातून निघतात. ‘इयत्ता अमुकच्या विद्यार्थ्यांना तमुक करताना येणाऱ्या अडचणींचा शोध घेणे व उपाययोजना करणे.’ डी.एड.ला असताना मीही असंच लिहिलं होतं, गुणही बरे मिळाले होते. त्यात अडचण नेहमी विद्यार्थ्यांना येते आणि उपाययोजना शिक्षक करतो. शिक्षकाचं काही तपासायचं असतं, असं त्या वाक्यात कुठं बसतच नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यात झरी जामणीकडच्या एका द्विशिक्षकी शाळेत आहे. पहिली-दुसरी मुख्याध्यापक सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. चौथीत सात मुलं. त्यातली काही गावातली, काही पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची. पोडावरच्या मुलांची घरची भाषा कोलामी, म्हणजे द्रविड कुळातली. मराठीशी तिचं नातं शेजारापुरतं. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत यंदा प्रत्येक शाळेतून एक कृतिसंशोधन हवं असं ठरलं, आणि सरांनी ‘मॅडम, तुम्हीच करा’ म्हणून कागद माझ्याकडे सरकवला. यूडायसची, म्हणजे सरकारला द्यायची शाळेची माहिती आणि पोषण आहाराची वही त्यांच्याकडे होती, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

पहिलं शीर्षक मी साच्यातलंच काढलं : चौथीच्या मुलांना प्रश्नांची उत्तरं पूर्ण वाक्यात देताना येणाऱ्या अडचणी. मार्गदर्शनाला आलेल्या अधिव्याख्यात्या बाईंनी ते वाचून एवढंच विचारलं, ‘मुलं उत्तर देत नाहीत, हे तुम्ही कशावरून म्हणता? किती वेळ वाट पाहता?’ मी म्हटलं, भरपूर. त्या म्हणाल्या, मोजा.

त्यांनीच मग मेरी बड रोव या अमेरिकन संशोधिकेचं काम सांगितलं. रोव यांनी प्राथमिक शाळांतल्या विज्ञानाच्या तासांच्या शेकडो ध्वनिफिती तपासल्या. १९७४ मध्ये त्यांचे लेख छापून आले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, मग दुसऱ्याला विचारतात, प्रश्न बदलतात किंवा उत्तर स्वतःच सांगून टाकतात, असं त्यांना दिसलं. ही वाट तीन सेकंदांपर्यंत नेली की उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं, आणि एरवी न बोलणारी मुलं आपणहून बोलू लागली. त्यांचं एक निरीक्षण मला फार बोचलं. शिक्षकांनी ज्यांना वर्गातली हुशार मुलं म्हटलं होतं, त्यांच्यासाठी शिक्षक जवळजवळ दोन सेकंद थांबत होते आणि मागे पडलेल्यांसाठी एक सेकंदही नाही. ज्याला जास्त वेळ लागतो त्यालाच कमी.

शीर्षक बदललं : ‘प्रश्न विचारल्यानंतर शिक्षिकेने थांबण्याच्या कालावधीचा चौथीच्या मुलांच्या तोंडी उत्तरांवर होणारा परिणाम’. सरांना ते विचित्र वाटलं. ‘हे तं तुमच्यावरच झालं की,’ म्हणाले.

मोजायचं तर आवाज भरून घेणं आलं आणि त्यासाठी पालकांची संमती. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडला तेव्हा एका आजीनं विचारलं, ‘पोट्ट्याईचा आवाज भरून करता काय जी तुम्ही?’ सांगितलं, आवाज माझाही भरला जाणार आहे, मोजायचं मलाच आहे, आणि काम झालं की सगळं पुसणार. मग सह्या आणि अंगठे झाले. कृतिसंशोधन करणाऱ्यांनी ही पायरी टाळू नये. अहवालात परिशिष्ट म्हणून ती छान दिसते हा भाग वेगळा, पण या बैठकीमुळेच पालक नंतर शाळेत डोकावू लागले.

विदर्भात शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटाला उघडते. दसऱ्यानंतर कपाशीची वेचणी लागली की मोठी माणसं वावरात, आणि चौथीतली मुलं धाकट्यांना सांभाळायला घरी. म्हणून पूर्वचाचणी जुलैत, कार्यवाही पोळ्याच्या आगेमागे आणि उत्तरचाचणी, म्हणजे नंतरची चाचणी, वेचणीच्या आत, असं वेळापत्रक केलं. नमुना आराखड्यात ‘कालावधी’ असा एक रिकामा रकाना असतो. आमच्याकडे तो रकाना कपाशीच भरते.

मोबाईल टेबलावर ठेवला की मुलं त्याच्याशीच बोलायची. एकानं तर शेजारी येऊन कोंबडा आरवून दाखवला. त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस मोबाईल नुसताच ठेवला, नोंद घेतली नाही. सरावले, मग घेतली. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की ध्वनिमुद्रणात पावसाशिवाय काही ऐकू येत नसे, ते तास सोडून दिले.

रात्री घरी ऐकत बसायचं, एका हातात घड्याळ. वहीत तीन रकाने : मी किती थांबले, उत्तरात किती शब्द, कोण बोललं. माझा आकडा रोव यांच्या शिक्षकांसारखाच निघाला, सेकंदाच्या आसपास. बोलणारी मुलं ठरलेली, तीही गावातली. उत्तरं एक-दोन शब्दांची. ‘विहिरीचं पाणी उन्हाळ्यात खाली का जातं?’ ‘पाऊस नाही.’ ‘शाब्बास.’ पुढचा प्रश्न.

कार्यवाही म्हणजे फक्त थांबणं. अहवालात ते अर्ध्या ओळीत मावतं, वर्गात मावत नाही. तीन सेकंद म्हणजे किती लांब असतात हे फळ्यासमोर उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. मी मनात आकडे मोजायचे, ओठ मिटून. मुलांना आधी वाटलं मॅडम रागावल्या. मग त्यांना नीट सांगितलं की मी विचार करायला वेळ देते आहे, हात लगेच वर करायचा नाही. हे सांगितल्यावरच थांबण्याला अर्थ आला.

रोव यांनी दोन प्रकारचं थांबणं वेगळं केलं आहे, एक प्रश्नानंतरचं आणि दुसरं उत्तरानंतरचं. माझ्या वर्गात खरी गंमत दुसऱ्यात झाली. उत्तर आलं की ‘बरोबर, शाब्बास’ म्हणायची सवय इतकी मुरलेली असते की आपण विषयाचं झाकण लावतो आहोत हे जाणवत नाही. ‘कपाशीचं पान लाल का होतं?’ यावर एक मुलगा म्हणाला, ‘लाल्या येते.’ मी गप्प राहिले. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, ‘रातीची थंडी पडली का येते, आमच्या खालच्या वावरात जास्त येते.’ दुसरा म्हणाला, त्याच्या बाबानं फवारा मारला तरी गेली नाही. मग पोडावरची ती मुलगी, जिचं नाव माझ्या तिसऱ्या रकान्यात तोवर आलंच नव्हतं, तिनं शेजारणीला कोलामीत काहीतरी विचारलं आणि मराठीत म्हणाली, ‘जमीन भुकेली असन तं होते.’ कृषी विभागाचे लोक मॅग्नेशियमची कमतरता म्हणतात, ती हीच भुकेली जमीन. तिला प्रश्न मराठीतून कोलामीत न्यायचा असतो आणि उत्तर उलट आणायचं असतं. एका सेकंदात ती कधीच पोचली नसती.

सगळीकडे मात्र असं झालं नाही. पाढे आणि तोंडी बेरजेला थांबून काहीच फायदा दिसला नाही. ज्याला येतं त्याला लगेच येतं, ज्याला येत नाही तो छताकडे बघतो. थांबण्याजोगा प्रश्न असावा लागतो. हे निष्कर्षात लिहायला मी घाबरत होते, कारण आपल्याकडच्या अहवालांत उपक्रम नेहमी यशस्वीच होतो. बाई म्हणाल्या, तेच आधी लिहा, मग बाकीचं विश्वासानं वाचलं जाईल.

लिहिताना डोकं खाल्लं ते टक्केवारीनं. आराखड्यात पूर्वचाचणी व उत्तरचाचणीचा तक्ता टक्क्यांत मागतात. सात मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे १४.२९ टक्के. एखादी मुलगी बोलू लागली की लगेच ‘१४.२९ टक्के वाढ’ होते आणि ती तापानं घरी राहिली की तेवढीच घट. मी तक्ता दिला, पण खाली प्रत्येक मुलाची स्वतंत्र ओळ लिहिली, आधी कसं आणि नंतर कसं. नियंत्रित गट नाही हेही मर्यादांमध्ये स्पष्ट घातलं. सात मुलांचे दोन गट करून एका गटासमोर थांबायचं आणि दुसऱ्यासमोर नाही, हे एका खोलीत होण्यासारखं नव्हतं आणि मला करायचंही नव्हतं. ‘सैद्धांतिक पार्श्वभूमी’त कृतिसंशोधनाची कल्पना मांडणाऱ्या कर्ट लेविन यांचा १९४६ चा लेख आणि ती शाळांत आणणाऱ्या स्टीफन कोरे यांचं १९५३ चं पुस्तक सगळेच लिहितात, मीही दोन ओळी लिहिल्या.

परिषदेत सादर केलं तेव्हा निवृत्तीला आलेले एक गुरुजी म्हणाले, ‘मॅडम, असं थांबत बसले तं पाठ्यक्रम कोण संपवन?’ प्रश्न रास्त आहे. माझे परिसर अभ्यासाचे दोन पाठ खरोखरच मागे राहिले होते, ते वेचणीच्या दिवसांत हजर असलेल्या मुलांना घेऊन भरून काढले, आणि गैरहजर होते त्यांना दिवाळीनंतर परत शिकवले. प्रश्नांची संख्या निम्म्यावर आली हेही त्यांना सांगितलं. ते समाधानी दिसले नाहीत. पण सरांनी आता पहिली-दुसरीच्या गोष्टीच्या तासाला मोबाईल ठेवायला सुरुवात केली आहे आणि रात्री मला फोन करून विचारतात, मूल ‘अं’ म्हणतं ते उत्तरात धरायचं की थांबण्यात. मी थांबण्यात धरते.