आमची वाटचाल : नाटकाच्या पडद्यापासून अ‍ॅक्रिलिकपर्यंत

आजोबा नाटकांचे पडदे रंगवायचे, वडील थिएटरवरचे बॅनर, आणि मी कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिक, म्हणजे पाण्यात कालवायच्या, झटपट वाळणाऱ्या रंगात काम करतो. डिप्लोमा घरात कुणाकडेच नाही. ज्या कोल्हापुरात आबालाल रहिमान कोटितीर्थाची निसर्गचित्रं रंगवायचे आणि बाबूराव पेंटर पडदे रंगवता रंगवता 1920 च्या ‘सैरंध्री’ या मूकपटापर्यंत पोचले, तिथं दुकानाच्या पायरीवर बसूनही हात तयार होतो.

वडील फोटोवर चौकोन पाडायचे, मांजरपाटावर खडूच्या दोरीनं तेच चौकोन मोठे उठवायचे आणि चेहरा वर चढवायचे. हिरोचा डोळा दुसऱ्या कुणाला रंगवू देत नसत.

मग फ्लेक्स आला. आम्हाला दोन दिवस लागणारा बोर्ड मशीन तासाभरात बाहेर काढायचं. भाडं थकलं, लाकडी शिड्या भंगारात गेल्या. आमच्याच हाताखाली अक्षरं गिरवलेल्या एकानं पलीकडच्या गल्लीत मशीन टाकलं. धंदा केला, त्याबद्दल तक्रार नाही. पण वडिलांनी रंगवलेले गणपती स्कॅन करून, सहीचा कोपरा कापून, खाली स्वतःचं नाव घालून छापले. वडील ते मंडपात बघून आले आणि त्या रात्री जेवले नाहीत. हे मी विसरलेलो नाही.

त्या काळात गुळाचे एक व्यापारी तेवढे टिकून राहिले. “फ्लेक्स उन्हात उडतोय, मला रंगवलेलाच बोर्ड पायजे,” म्हणायचे. त्यांच्या वडिलांच्या वर्षश्राद्धाला पोर्ट्रेट हवं होतं आणि तैलरंग वाळायला सवड नव्हती, म्हणून पहिल्यांदा अ‍ॅक्रिलिक हातात घेतलं. अ‍ॅक्रिलिक वाळला की गडद होतो, म्हणून फेट्याचा गुलाबी मुद्दाम फिका कालवला. वाळल्यावर बरोबर बसला.

नव्या पोरांना सांगतो, तेलाच्या अस्तरावर अ‍ॅक्रिलिक मारू नका, पापुद्रे सुटतात. वाळलेल्या अ‍ॅक्रिलिकवर तैलरंग मात्र खुशाल चालवा. पॅलेटवर पाणी फवारत राहा. ब्रश लगेच धुवा, आत रंग वाळला की केसांचं प्लॅस्टिक होतं. पोर्ट्रेटला स्वस्तातल्या ट्यूब नकोतच, त्यात रंगद्रव्य कमी असतं.

नंतरची वर्षं बरी गेली. आज पोर्ट्रेटची कामं हातात आहेत, रंकाळ्याची चित्रंही जातात. सही मात्र आता कोपऱ्यात करत नाही. शालीच्या घडीत, चेहऱ्याला लागून करतो, म्हणजे चेहरा कापल्याशिवाय ती कुणाला काढता येत नाही.