चौथा टप्पा 'मध्यम' नाही: कोल्हापूर ते पावनखिंड रिले

कोल्हापूर ते पावनखिंड पळायच्या रिलेत आयोजकांनी वाटलेल्या कागदावर चौथ्या टप्प्यापुढं एकच शब्द होता: 'मध्यम'. मसाई पठारावरून कुंभारवाडीकडं उतरायचं, खोतवाडी, मांडलाईवाडी करत करपेवाडी गाठायची आणि पुढच्या गड्याच्या मनगटाला पट्टा बांधायचा. चढ नावाला, उतार भरपूर. रंकाळ्याभोवतीच्या सरावात टीममध्ये सगळ्यात जोरात मी पळतो, म्हणून कॅप्टननं तो टप्पा माझ्या गळ्यात घातला. कागद बघून कुणीही तेच केलं असतं. तो कागद करणाऱ्यानं जुलैत ती वाट एकदाही तुडवलेली नाही, हे मी स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायला तयार आहे.

प्रकार साधा आहे. सहा गडी, एक गाडी, बॅटनऐवजी मनगटाचा पट्टा. पहाटे पंचगंगा घाटावरून सुटायचं. पहिला गडी शिवाजी पूल ओलांडून रत्नागिरी रस्त्यानं केर्लीपर्यंत, दुसरा वाघबिळावरून पन्हाळा चढतो, तिसरा गडाच्या राजदिंडी वाटेनं उतरून तुरुकवाडी, म्हाळुंगे करत मसाई पठारावर येतो. चौथ्याचं वर सांगितलं. पाचव्याला आंबर्डे, कळकवाडी, रिंगेवाडी, माळेवाडी, पाटेवाडी. सहाव्याला सुकामाचा धनगरवाडा, म्हसवडे, पांढरेपाणी आणि शेवटी खिंड. पन्हाळ्यापर्यंतचे वीस-बावीस किलोमीटर डांबरी. तिथून पुढचं अंतर कुणी ४५ सांगतं, कुणी ६०, आणि दोघंही खोटं बोलत नाहीत, कारण पावसात वाट जिथं ओढा उतरू देईल तिथून जाते. इतिहास सांगत बसत नाही, सगळ्यांना पाठ आहे. १६६० च्या आषाढात याच बाजूनं रात्रीतून पालखी पळवत नेली, आणि आम्ही भर दिवसा बुटाच्या लेसवरून भांडत होतो, एवढंच नोंदवतो.

पहिल्या टप्प्यात बघण्यासारखं फक्त पाणी. निघायच्या आदल्या दिवशी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा. ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, हे कोल्हापूरकराला सांगायला नको, पण बाहेरून टीम येतात आणि 'थोडं पाणी असेल' म्हणून पुलापाशी येऊन उभ्या राहतात. नदी इशाऱ्याजवळ गेली की रिलेचा विषय सोडायचा. केर्लीच्या आसपास रस्त्यावर पाणी आलं तर तुम्ही इकडं आणि गाडी तिकडं. पाणी नसेल तर हा टप्पा कुणीही पळेल. अंधारात ट्रक अंगावरून जातात, मागं लाल दिवा लावा.

दुसऱ्या टप्प्याचा चढ चारशे मीटरच्या वर आहे, पण डांबरी आहे, वळणं माहितीची आहेत, दम लागला तर चाला. त्रास गाडीचा होतो. सुट्टीच्या दिवशी पन्हाळ्याच्या प्रवासी कराच्या नाक्यावर रांग लागते आणि तुमचा तिसरा गडी गाडीत बसून राहतो, तोपर्यंत दुसरा वर पोचून थंडीनं कुडकुडतो. २०२५ मध्ये आणखी अकरा किल्ल्यांबरोबर पन्हाळा जागतिक वारशात गेल्यापासून गर्दी आणखी वाढली आहे. म्हणून गाडी पळणाऱ्याच्या मागं ठेवू नका. केर्लीचा चेंज (पट्ट्याची अदलाबदल) झाला की थेट वर पाठवा. जोराचा पाऊस असेल तर आधी पन्हाळ्यावर कुणाला तरी फोन करून रस्ता विचारा. २०२१ च्या जुलैत मुख्य रस्ताच खचला होता.

तिसऱ्या टप्प्यात राजदिंडीची उतरण शेवाळलेली असते, तिथं घाई नको. पठारावर धुकं पडलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. खाली जांभा, मधून मधून डबकी, आणि सगळीकडं एकच रंग. आयोजकांनी चुन्याच्या खुणा केल्या होत्या. जुलैत चुना! पहिल्या सरीतच गेल्या. आमचा तिसरा गडी मसाईच्या देवळाची घंटा ऐकून चेंजच्या जागेवर पोचला. कुणीतरी वाजवत होतं म्हणून बरं. पठार २०२२ पासून संवर्धन राखीव आहे, तेव्हा गाडी आतपर्यंत घालायचा विचार करू नका, कडेला ठेवा आणि चौथ्या गड्याला देवळापर्यंत चालत पाठवा. तेवढंच अंग गरम होतं.

आता चौथा. पठारावरून उतरेपर्यंत सगळं कागदाप्रमाणं होतं. पायाखाली गवत, उतार, वारा पाठीला. मला वाटलं, आज वेळ काढणार. कुंभारवाडीतनं पुढं घड्याळातल्या नकाशानं डावीकडं वळायला सांगितलं आणि समोर वाट नव्हतीच, भाताची खाचरं होती. चिखलणी झालेली, अर्ध्यात रोपलागण झालेली, इरली पांघरून बायका वाकलेल्या. नकाशाची रेघ त्यांच्या मधोमध जात होती. नंतर फाईलवरची तारीख बघितली: मार्च. उन्हाळ्यात तिथं मोकळं रान असतं, कुणीही कुठूनही जातं. त्या रेघेवरून पळणं म्हणजे कुणाच्या तरी वर्षभराच्या भातावरून पळणं. बांधावरून जा. बांध वाकडे आहेत, अंतर वाढतं, वाढू द्या. आमच्या पुढच्या टीमचा एक गडी रोपातनं गेला होता, त्याच्या वाटणीच्या शिव्या मी खाल्ल्या.

खाचरं संपली की पाणंद लागते. मला जे सांगायचं आहे ते या पाणंदीबद्दलच आहे. दोन्ही बाजूंना कुंपण, मध्ये बैलगाडीच्या रुंदीची वाट, आणि वरच्या सगळ्या शेतांचं पाणी त्याच वाटेनं खाली येतं. लाल चिखल, पोटरीपर्यंत, मधेच गुडघ्यापर्यंत. पाऊल आत जातं, बाहेर येताना बूट आतच राहतो. तोंडाशी एक आजी शेळ्या घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "पाव्हणं, ह्यातनं जाऊ नगासा, वरनं मळ्यातनं जावा." नियमावलीत 'आखलेला मार्ग सोडल्यास दंड' असं होतं, म्हणून मी ह्यातनं गेलो. मागून आलेल्या दोन टीम आजींचं ऐकून मळ्यातनं गेल्या, माझ्या आधी करपेवाडीला पोचल्या आणि दंडाचं कुणी नावही काढलं नाही.

डांबरी रस्त्यावर ज्या वेळात मी तीन किलोमीटर मारतो त्या वेळात इथं एकही सरकलो नाही. थांबलं की रुततं, जोर लावला की घसरतं. कुंपणाला धरावं तर घाणेरीचे काटे. शेवटी कळलं की मधोमध, पाण्याच्या धारेतच चालायचं. तिथं चिखल धुऊन गेलेला असतो आणि खाली दगड लागतो. कडेची जागा कोरडी दिसते, ती फसवी आहे. हे एक वाक्य त्या कागदावर लिहिलं असतं तर 'मध्यम'ची गरज नव्हती. लेस घोट्याभोवती फिरवून वरून क्रेप बँडेज बांधा, बूट निघत नाही. रोड शूज घालून जाणाऱ्याशी मला बोलायचं नाही. गावातली पोरं बाजारातले खिळ्यांसारख्या तळव्याचे काळे रबरी बूट घालून त्याच पाणंदीतनं माझ्या शेजारून गप्पा मारत गेली. माझ्या बुटाच्या किमतीत त्यांचे वीस जोड आले असते.

तेव्हा निकाल असा: चौथ्या टप्प्यावर तुमचा सगळ्यात वेगवान गडी घालू नका. तो वाया जातो, वर चिडतो, आणि चिडलेला माणूस चिखलात लवकर दमतो. शेतातला गडी घाला, पावसाळ्यात घरच्या रानात उतरणारा. आमच्यात असा एक होता, शाहूवाडीकडचाच. त्याला पहिल्या टप्प्यावर डांबरावर पळवलं. कॅप्टनला म्हटलं, तर म्हणतो, "मर्दा, कागदावर चढ नव्हता की." कागदावर उंची होती, अंतर होतं, चिखल नव्हता. टप्पे किलोमीटरवर पाडलेले होते, सगळे साधारण सारखे. या वाटेवर टप्पे वेळेवर पाडायला पाहिजेत. पहिल्या टप्प्याचे दहा आणि चौथ्याचे दहा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आयोजक ऐकणार नसतील तर निदान चेंजच्या वेळा धरताना चौथ्याला दुप्पट धरा. पाऊस सलग चालू असेल तर अडीचपट.

आणि १२-१३ जुलैच्या आसपासच्या दिवसांत हा उद्योग करूच नका. तेव्हा पदभ्रमंतीच्या मोहिमा निघतात, शेकडो माणसं त्याच पायवाटेनं चालतात, लहान पोरं असतात. त्यांचा मान पहिला, वाट त्यांची. त्यांच्यामागं 'बाजू, बाजू' ओरडत पळणं शोभत नाही. शिवाय एवढी पावलं गेल्यावर पाणंदीचं काय होतं ते सांगायला नको.

गाडीबद्दल. पठारापासून करपेवाडीपर्यंत गाडी पळणाऱ्याबरोबर येऊ शकत नाही. तिला पन्हाळ्याच्या खाली उतरून लांबचा वळसा आहे, आतले रस्ते अरुंद, समोरून ट्रॅक्टर आला की कुणीतरी मागं जायचं. आमचा ड्रायव्हर वाट चुकला, फोन लागेना. मी करपेवाडीत पट्टा हातात घेऊन उभा आणि घ्यायला माणूस नाही. एका घराच्या सोप्यात बसवलं, गूळ घातलेला कोरा चहा दिला, पैसे घेतले नाहीत. (पैसे घेणाऱ्यांकडं पुढं येतोच.) पाचवा गडी आणि त्याचं सामान आदल्या रात्रीच करपेवाडीला पाठवा. सहावाही तसाच पाटेवाडीला, गाडी तिथं वेळेत पोचेल या भरवशावर राहू नका. फोनला रेंज धरून कुठलंच नियोजन करू नका. वेळ ठरवा आणि त्या वेळेला तिथं हजर राहा. खाणं ज्याचं त्याच्या पाठीवर. भडंग भिजतं, शेंगदाण्याचा लाडू टिकतो.

पाचवा टप्पा छान आहे. सांगण्यासारखं काही नाही.

सहाव्यात जंगल दाट होतं आणि उजेड कमी. जळवा लागतात, मोज्याच्या आत तंबाखूची पूड घाला, उगाच ओढून काढू नका. या भागात गवे आहेत. गवा दिसला तर पळू नका, फोटो काढू नका, तो जाईपर्यंत उभे राहा; रिलेतली वेळ त्याच्यापेक्षा महत्त्वाची नाही. म्हणून सहाव्यावर एकट्याला सोडू नये असं माझं मत आहे. नियमात चालत असेल तर जोडीदार द्या, नसेल तर नियम बदलायला लावा. आम्ही सगळे पांढरेपाण्यापासून खिंडीपर्यंत त्याच्याबरोबर गेलो. शेवटी लोखंडी कठड्याच्या पायऱ्या आहेत, पावसात निसरड्या, तिथं पळायचं नाही म्हणजे नाही. आम्ही पळालो. खाली पाण्याचा आवाज एवढा होता की 'हर हर महादेव' म्हटलेलं आमचं आम्हालाच ऐकू आलं नाही. तेव्हा कुणी विचारलं असतं, तर चौथा टप्पा मी तिथून उलटा पळून दाखवला असता. म्हणून सांगतो, पुढच्या वर्षीचं नाव खिंडीत उभं राहून नोंदवू नका, घरी जाऊन दोन दिवस झोपा.

विशाळगडापर्यंत नेऊ म्हणणारे भेटतील. खिंडीच्या पुढं अंगात काही उरत नाही, तिथंच थांबा.

आता परतीचं. आमची गाडी त्या वळशात अडकली ती मलकापूरपर्यंतच पोचली, तेव्हा पांढरेपाण्यातून मलकापूरला जायला जीप बघावी लागली. जाणाऱ्या टीमला सकाळी १,५०० सांगितलेली जीप आम्हाला संध्याकाळी ३,००० ला पडली. बसल्यावर कळलं की बॅगांचे वेगळे, आणि चिखलाचे कपडे असल्यामुळं सीट धुण्याचे आणखी ३००. भांडायला अंगात जोर पाहिजे, तो पाणंदीत राहिला होता. जीपवाल्याचंही चुकतं असं नाही, त्या दिवसात तेवढीच कमाई, पण सकाळी एक आणि अंधार पडल्यावर दुसरं, हे बरोबर नाही. त्यामुळं परतीची गाडी मलकापुरातून आदल्या दिवशीच ठरवा, थोडी रक्कम हातात द्या आणि बाकी पोचल्यावर. ठरवताना तीन गोष्टी विचारा: भाडं गाडीचं की माणशी, बॅगा धरून की सोडून, आणि उशीर झाला तर तासाला किती. गाडीत अंथरायला घरून जुनं ताडपत्रीचं तुकडं न्या, म्हणजे सीटचे ३०० वाचतील.