शांघायचा खर्च आणि माझ्या नावातले तीन शब्द

शांघायला राहायला येऊन मला आता दीड वर्ष होत आले. इथल्या खर्चाबद्दल घरचे आणि ओळखीचे लोक फोनवर विचारतात तेव्हा मी मेट्रोचे भाडे, भाजीचे भाव, घरभाडे असे सगळे सांगते. पण माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा येतो तो एका बँकेच्या शाखेतला खिडकीलगतचा काउंटर, जिथे माझ्या नावातल्या तीन शब्दांच्या क्रमापायी माझे जवळजवळ सहा आठवडे गेले. तो राग अजून पुरता निवळलेला नाही. महाराष्ट्रातून जे कोणी इकडे नोकरीला किंवा शिकायला येतील त्यांच्या पासपोर्टवरही बहुधा असेच तीन शब्द असतील, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये मी आले. व्हिसा, विमानप्रवास, वैद्यकीय तपासणी यांत सांगण्यासारखे काही घडले नाही. पुडोंग विमानतळावरून शहरात येण्यासाठी चुंबकीय रेल्वे आहे, तिचे एकेरी तिकीट ५० युआन आहे आणि त्याच दिवसाचे विमानाचे तिकीट दाखवले तर ४०. परंतु ती शहराच्या मध्यापर्यंत जात नाही, पुढे मेट्रोच धरावी लागते. सामान फार नसेल तर थेट दोन क्रमांकाच्या मेट्रोने यावे. शहराच्या मध्यावरच्या पीपल्स स्क्वेअरपर्यंत ७ युआन पडतात. मी गेले तेव्हा एका युआनला साधारण १२ रुपये मोजावे लागत होते, म्हणजे चाळीस किलोमीटरहून अधिक प्रवास ८४ रुपयांत झाला.

घर यांगपू भागात, वूच्याओछांगजवळ मिळाले. जुन्या इमारतीतले, पाचव्या मजल्यावरचे, लिफ्ट नसलेले, एका खोलीचे. भाडे महिना ५,२०० युआन. इथे भाड्याची रीत अशी की एका महिन्याची अनामत आणि तीन महिन्यांचे भाडे आगाऊ द्यायचे, आणि पुढेही दर तीन महिन्यांनी एकदम भरायचे. त्यात दलालाचे एका महिन्याच्या भाड्याच्या ३५ टक्के धरले, तर पहिल्याच आठवड्यात मला २२,६२० युआन, म्हणजे पावणेतीन लाख रुपयांच्या आसपास रक्कम उभी करायची होती. पगाराचा आकडा पाहून हिशेब करणाऱ्यांनी ही पहिल्या आठवड्याची रक्कम वेगळी काढून ठेवावी, कारण पगार हातात येईपर्यंत दोन महिने सहज जातात.

पैसे माझ्याजवळ होते. ते देण्याचा मार्ग नव्हता. परदेशी कार्ड अलीपे किंवा वीचॅट या फोनवरून पैसे देण्याच्या अ‍ॅपना जोडता येते आणि दुकानात, उपाहारगृहात, मेट्रोत ते उत्तम चालते. २०० युआनपर्यंतच्या व्यवहारावर शुल्क नाही, त्यावरील व्यवहारावर ३ टक्के लागतात. मात्र मी आले तेव्हा परदेशी कार्डावरून एका व्यक्तीच्या खात्यातून दुसऱ्या व्यक्तीला पैसे पाठवता येत नव्हते, आणि घरमालकीण ही दुकान नव्हे, व्यक्ती असते. भाजी विकणाऱ्या बाईने गळ्यात अडकवलेला क्यूआर कोड बऱ्याचदा तिच्या वैयक्तिक खात्याचा असतो, तिथेही हे कार्ड अडायचे. शेवटी ऑफिसातल्या एका सहकारी बाईंनी माझे भाडे स्वतःच्या खात्यातून भरले. ओळख होऊन जेमतेम चार दिवस झाले होते. ते पैसे लवकरात लवकर परत करायचे, आणि त्यासाठी इथल्या बँकेत खाते उघडून त्यात पगार जमा व्हायला हवा, हे माझ्या मनाने पक्के धरले. (भारतीय नंबर रोमिंगवर चालू ठेवा. कार्ड जोडताना ओटीपी त्याच नंबरवर येतो. आमच्या ऑफिसातल्या एका मुलाचा नंबर बंद पडला आणि तो दहा दिवस रोख पैशांवर राहिला.)

आता बँकेविषयी. हॉटेलात न राहता घरात राहणाऱ्या परदेशी माणसाने २४ तासांत पोलीस चौकीत नोंद करायची असते. ती घरमालकीण बरोबर आल्यामुळे वीस मिनिटांत झाली. त्यानंतर निवास परवान्यासाठी पासपोर्ट सरकारी कार्यालयात जमा करावा लागतो आणि तेवढे दिवस आपल्या हाती फक्त पावती राहते. मी ती पावती घेऊन बँकेत गेले. टोकन काढून सव्वा तास बसले, नंबर आला, आणि पावतीवर खाते उघडत नाही असे सांगून मला परत पाठवण्यात आले. ही चूक माझी होती आणि तिची तक्रार नाही. परवाना चिकटवलेला पासपोर्ट हातात येईपर्यंत बँकेची पायरी चढू नका.

दुसऱ्या खेपेला पासपोर्ट, कंपनीचे पत्र, भाडेकरार, पोलिसांच्या नोंदीचा कागद आणि पॅन क्रमांक असे सगळे नेले. पॅन यासाठी की आपण कर कोणत्या देशात भरतो याचे निवेदन खाते उघडताना लिहून द्यावे लागते. काउंटरवरच्या मुलीने पाऊण तास टंकन केले, माझा फोटो काढला, आणि मग मान हलवून भाषांतराच्या अ‍ॅपवर मला वाक्य दाखवले: हा मोबाइल नंबर तुमचा नाही. इथे सिमकार्ड पासपोर्ट आणि चेहरा पाहूनच मिळते, आणि बँक खाते उघडताना तो नंबर खरोखर त्याच माणसाच्या नावावर आहे का हे पडताळते. सिम माझेच होते, पहिल्या दिवशी माझ्याच पासपोर्टावर घेतलेले. मी मोबाइलच्या दुकानात गेले. त्यांनी पडद्यावर पाहून सांगितले, तुमच्याच नावावर आहे. पुन्हा बँकेत आले, तिथे पुन्हा तेच उत्तर: नाही. अशा चार फेऱ्या दोन आठवड्यांत झाल्या, प्रत्येक वेळी ऑफिसातून अर्धा दिवस रजा काढून. दोन्हीकडची माणसे सभ्यपणे बोलत होती, पण फोन उचलून एकमेकांशी बोलायला दोघांपैकी कोणीही तयार नव्हते. या गोष्टीचा मला आजही संताप येतो.

गाठ सुटली ती तिसऱ्या आठवड्यात, जेव्हा मोबाइलच्या दुकानातून मी माझ्या नोंदीचा छापील कागद मागून घेतला. त्यावर माझे नाव आधी, मग नवऱ्याचे, मग आडनाव असे लिहिलेले होते, आपण बोलताना सांगतो त्या क्रमाने. बँकेच्या संगणकात आडनाव पहिले होते. संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी माणसे होती.

त्या दिवशी काउंटरवर शाखेतल्या वयस्क पर्यवेक्षक बाई आल्या. त्यांनी पासपोर्टचे पहिले पान उघडून, फोटोखाली ज्या दोन ओळी बाणांच्या खुणांनी भरलेल्या असतात, त्यांतल्या वरच्या ओळीवर पट्टी ठेवली. देशाच्या तीन अक्षरांनंतर तिथे आडनाव येते, मग दोन खुणा, मग नाव, एक खूण, आणि मग नवऱ्याचे किंवा वडिलांचे नाव. यंत्र तेवढेच वाचते. बाईंनी कोऱ्या कागदावर पेन्सिलीने चौकटी आखल्या, एकेका चौकटीत एकेक अक्षर लिहिले, दोन शब्दांमध्ये एक चौकट रिकामी सोडली, आणि मधल्या शब्दावर बोट ठेवून विचारले, हे कोणाचे नाव? नवऱ्याचे, म्हणून मी सांगितले. त्या थांबल्या. चीनमध्ये बायका लग्नानंतर आडनावही बदलत नाहीत. मुलीचे नाव म्हणजे तिचे आडनाव आणि तिचे नाव, बहुधा दोन किंवा तीन अक्षरांत संपते. त्यामुळे नवऱ्याचे नाव बायकोच्या नावाच्या पोटात कसे, हे त्यांना समजावून सांगायला मला पाच मिनिटे लागली. आमच्याकडे लग्नाआधी तिथे वडिलांचे नाव असते, हेही सांगितले. त्यांनी ते मनापासून ऐकले आणि मग तो कागद माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, आता सगळीकडे असेच. शांघायमध्ये आल्यापासून मला मिळालेला सगळ्यात उपयोगाचा सल्ला तोच, आणि त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

मोबाइलच्या दुकानातली नोंद बदलायला दोन दिवस लागले, खाते त्यानंतर उघडले आणि कार्ड त्याच काउंटरवर हातात मिळाले. मला वाटले, संपले. पण कार्ड फोनवरच्या पैसे देण्याच्या अ‍ॅपला जोडताना नाव, ओळखपत्राचा क्रमांक, कार्डाचा क्रमांक आणि बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर या चारही गोष्टी तंतोतंत जुळाव्या लागतात, आणि अ‍ॅपमध्ये सप्टेंबरात मी स्वतःच माझे नाव बोलण्याच्या क्रमाने भरून ठेवले होते. ती पडताळणी रद्द करून पुन्हा करण्यात आठवडा गेला. ते होते न होते तोच नोव्हेंबरचा पगार बँकेतून परत गेला, कारण ऑफिसच्या नोंदीत माझे नाव नेमणूकपत्रावर होते तसे, म्हणजे आडनाव शेवटी. त्या संध्याकाळी घरी येऊन मी नुसती बसून राहिले. सहकारी बाईंचे पैसे द्यायचे राहिले होते आणि डिसेंबरचे तीन महिन्यांचे भाडे तोंडावर आले होते.

पगार पुढच्या आठवड्यात पुन्हा पाठवला गेला आणि जमा झाला. मी मेट्रोत होते, फोन थरथरला, आकडा पाहिला, आणि पुढच्या स्टेशनवर उतरून फलाटावरच्या बाकावर बसून आधी बाईंचे पैसे पाठवले. त्या रात्री कित्येक दिवसांनी शांत झोप लागली.

या सहा आठवड्यांत मला तारले ते मेट्रोच्या साध्या कार्डाने. स्टेशनवरच्या सेवाकेंद्रात २० युआन अनामत देऊन ते मिळते, रोख पैसे देऊन भरता येते, नावगाव कोणी विचारत नाही, आणि मेट्रो, बस, ह्वांगपू नदीवरची नाव, सगळीकडे चालते. मेट्रोचे भाडे पहिल्या ६ किलोमीटरला ३ युआन आणि पुढच्या प्रत्येक १० किलोमीटरला १ युआन असे वाढते. दहा क्रमांकाच्या मार्गाने पूर्व नानजिंग रस्ता आणि तिथून दोन क्रमांकाने लूच्याझुई, असा घरून ऑफिसपर्यंतचा माझा प्रवास ४ युआनचा आहे. महिन्याला २२ दिवस जायचे-यायचे १७६ युआन होतात, पण कार्डावर महिन्यात ७० युआन खर्च झाले की पुढच्या प्रवासांना १० टक्के सूट मिळते, त्यामुळे प्रत्यक्षात साधारण १६५ पडतात. बसला २ युआन लागतात, नावेलाही २, आणि संध्याकाळी नावेतून दिसणारे दोन्ही काठ पाहण्यासाठी पर्यटकांच्या महागड्या बोटीत बसण्याची मुळीच गरज नाही. टॅक्सीचे मीटर १४ ते १६ युआनपासून सुरू होते. मेट्रो रात्री लवकर थांबते, साडेदहानंतर काही मार्गांवर शेवटची गाडी निघून गेलेली असते, हे ध्यानात ठेवा, नाहीतर आठवड्याची बचत एका टॅक्सीत जाते.

मंडईत भावाची पाटी किलोची नसते, अर्ध्या किलोची असते. त्याला इथे चिन म्हणतात. मी पहिल्या आठवड्यात वांगी स्वस्त समजून किलोभर, म्हणजे दोन चिन घेतली आणि दुप्पट पैसे दिले असे वाटून भाजीवाल्या काकूंशी हुज्जत घातली. त्यांनी शांतपणे वजनकाटा माझ्याकडे वळवला. आता त्या ओळखीच्या झाल्या आहेत आणि आपल्याकडे कोथिंबीर-मिरची टाकतात तशी कांद्याची पात वरून घालतात. सकाळच्या वाफवलेल्या पावाला दोन-तीन युआन, सोयाच्या दुधाला तेवढेच, आणि लूच्याझुईत दुपारचे जेवण २५ ते ३५ युआन. मी डबा नेते, त्यामुळे तो खर्च अर्ध्यावर आला आहे.

विजेचे मात्र जपावे. शांघायमध्ये उत्तर चीनसारखी घरे गरम ठेवण्याची सार्वजनिक सोय नाही, हिवाळ्यात खोली एसीनेच गरम करावी लागते. वीजवापराच्या पहिल्या टप्प्यात सकाळी ६ ते रात्री १० पर्यंतचा दर युनिटला ०.६१७ युआन आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ०.३०७, म्हणजे जवळपास निम्मा. घरमालकिणीचे मीटर असे दुहेरी दराचे आहे का ते करारापूर्वी विचारून घ्या. आमचे आहे, म्हणून मी कपडे धुण्याचे यंत्र दहा वाजल्यावरच लावते.

आणखी एक राहिले. पासपोर्ट नवा केला की त्याचा क्रमांक बदलतो, आणि मग निवास परवाना, सिम, बँक, अ‍ॅप, ऑफिस, सगळीकडे नोंदी नव्याने कराव्या लागतात. माझ्या पासपोर्टची मुदत २०२७ मध्ये संपते. पर्यवेक्षक बाईंनी पेन्सिलीने आखून दिलेला तो चौकटींचा कागद मी भाडेकराराच्या फायलीत, पहिल्याच कप्प्यात ठेवला आहे.