नोंद ६: शहाबादी, पट्टा आणि सहा माद्यांचे पाय

थोरली डुकरीण परत लंगडतेय. मागचा डावा पाय, बाहेरची नखी. मागच्या पायांत बाहेरची नखी मोठी असते, वजनही तीच जास्त घेते, त्यामुळे चीर पडली की बहुतेक तिथंच.

नव्यांसाठी थोडक्यात: मंद्रूप रोडला शेताच्या कडेला शेड, गाभण माद्यांचा कप्पा १२ बाय १६ फुटांचा, त्यात सहा माद्या. डोई ३२ चौरस फूट. युरोपात २०१३ पासून गाभण माद्या गटात ठेवणं सक्तीचं आहे आणि मोठ्या मादीला किमान सव्वादोन चौरस मीटर, म्हणजे साधारण २४ चौरस फूट जागा द्यावी लागते. जागेत आपण कमी नाही. घोडं पेंड खातंय ते खालच्या फरशीपाशी.

आपल्याकडं शहाबादी स्वस्त, म्हणून तीच टाकली. ओली झाली की नुसता साबण. नव्या माद्या एकत्र सोडल्या की पहिले एक-दोन दिवस मान कुणाचा यावरून जुंपतेच, आणि त्यात ठिपकीचे मागचे पाय फाकले. नशीब, मोडलं काही नाही. मग पाथरवटाकडून टाकी मारून घेतली. तो म्हणाला बारीक मारतो, मीच हट्टानं खोल मारायला लावली. आठवड्यात चौघींच्या टाचा सोलल्या. शेवटी सिमेंटचा जड ठोकळा दोरीनं बांधून दोन दिवस फरशीभर ओढत फिरवला, तेव्हा धार बोथट झाली. हे काम माद्या आत घ्यायच्या आधी करायचं असतं, हे आता कळतंय.

डिसेंबरात भंगारातून जुना रबरी कन्व्हेयर पट्टा आणला आणि मागच्या अर्ध्या भागात ठोकला. थंडीभर सगळ्या त्याच्यावरच. ढोपरावरच्या गाठी बसल्या, उठताना दोनदा-तीनदा प्रयत्न करणारी थोरली एका दमात उठायला लागली. मी खूश. फक्त ठिपकीच्या नख्या वाढल्या, कारण रबरावर झीजच होत नाही.

मार्च उजाडला आणि सगळं उलटं झालं. डुकराला घाम येत नाही, अंग गार करायला ओलावाच लागतो. पारा ४० कडं सरकला तसा काळा पट्टा दुपारी हात ठेववेना असा तापला, आणि सहाच्या सहा जणी खाली मुताच्या चरीशी जाऊन पसरल्या. दिवसभर ओल्यात राहून खूर मऊ पडतो, मग खरखरीत दगडावर चिरतो. थोरलीचं हेच झालं. रोज सकाळी खाद्याच्या वेळी त्यांची चाल बघतो आणि झोपल्या की मोबाईलच्या उजेडात तळवे तपासतो, म्हणून चीर लवकर सापडली. बाहेरचं कठीण नख आणि आतला मऊ भाग जिथं जुळतात, त्या पांढऱ्या रेघेवर जेमतेम नखभर होती.

या पंधरवड्यात केलेलं: फवारा पट्ट्यापासून हलवून चरीच्या टोकाला नेला. दुपारी थोड्या थोड्या वेळानं सुरू-बंद करतो, सतत नाही. गवंड्याकडून चरीकडं फुटाला पाव इंच उतार काढून घेतला, पाणी आता तुंबत नाही. रात्री पट्ट्यावर ज्वारीच्या कडब्याची कुट्टी पसरतो. निम्मी खाऊन टाकतात, पण उरलेल्यावर झोपतात. डॉक्टरांनी बायोटिन (खुरांसाठीचं जीवनसत्त्व) सुरू केलंय. खूर वरून खाली हळूहळू वाढतो, त्यामुळे त्याचा गुण दिसायला काही महिने जाणार. तोवर कुणी चमत्कार विचारू नये.

थोरलीला शेजारच्या कोरड्या कप्प्यात एकटी ठेवलीय. गटात ती खाद्याला मागं पडायची. तिचे ११४ दिवस भरायला अजून पाच आठवडे आहेत. काल संध्याकाळी पाय टेकवून उभी राहिली, पण वळताना अजून उचलून धरते.

पट्ट्यावर पांढरा चुना मारून बघावा का, यावर घरात वाद चालू आहे. चुन्यानं खूर भाजतील असं माझं म्हणणं. शेडच्या पत्र्यावर मात्र उद्याच मारतोय.